कललेले चंद्र

सॅल कापूतोने नव्या मशीनचं टेबल एका अंगाला सरकवलं, ते ज्यावर सरकतं त्या खालच्या स्लाइडवरचं ग्रीस फडक्याने पुसून काढलं, आणि लोवेल एक्स्ट्रॉम खाली वाकला. तो खरं म्हणजे रंगाचे डबे पोचवायला आला होता. हार्डवेअरच्या दुकानात आठवड्यातून चार दिवस तो काउंटरमागे उभा राहायचा, कधी गाडी घेऊन माल पोचवायचा. डबे उतरवायचे, कागदावर सही घ्यायची आणि परत फिरायचं, एवढंच काम. पण सॅलला मशीन कुणाला तरी दाखवायचंच होतं आणि त्या घडीला लोवेलखेरीज दुसरं कुणी हाताशी नव्हतं. "बघ तर खरं," सॅल म्हणाला, "पार तैवानमधून, ताइचुंगहून आलंय. आणि आपल्या गावाला माहीत असावं म्हणून सांगतो, स्लाइड हाताने खरवडलेली आहे. हाताने! आता कोण करतं रे हे?" लोवेलने पाहिलं. बिडाच्या लांब सपाट पट्टीवर स्क्रेपरच्या टोकाने उठवलेले अर्धचंद्र ओळीने चालले होते, नखाएवढे, तेल धरून ठेवण्यापुरते खोल. मशीनं बनवणाऱ्या रॉकफर्डच्या माणसाला त्यात नवल वाटायचं कारण नाही. पण ते चंद्र उभे नव्हते. सगळेच्या सगळे डावीकडे कलले होते. लोवेलने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. चंद्र तसेच होते. आपल्या हरवलेल्या कोटात भलताच माणूस रस्त्याने जाताना दिसावा तसं त्याला झालं. "का रे, आवडलं नाही?" सॅलने विचारलं. "रंग दोन हात द्या," लोवेल म्हणाला, "एका हाताने जमीन झाकली जायची नाही." आणि सही न घेताच तो गाडीत जाऊन बसला.

गाडी नदीच्या पुलावर आली तरी त्याचं चित्त त्या पट्टीवरच होतं. हॉलबर्गच्या कारखान्यात खरवडणारे तीसेक जण होते त्या काळी, आणि कुठली स्लाइड कुणी केली हे सांगायला कुणाला नाव वाचावं लागत नसे. मशीनने कितीही घासा, पट्टी पुरती सपाट होत नाही. शेवटचं केसाच्याही अंशाएवढं उंचसखल माणसानेच काढायचं. तपासायच्या सरळ पट्टीला पातळ निळा रंग लावायचा, ती वर टेकवून फिरवायची, निळं जिथे उमटेल तिथे उंचवटा; तो खरवडायचा, पुन्हा निळा, पुन्हा पट्टी. दिवसचे दिवस. आणि सगळं मनासारखं झालं की शेवटी त्यावर चंद्र उठवायचे. स्क्रेपरचा दांडा कमरेला टेकवून, अंग पुढे लोटून, मनगटाला जरासा हिसका. तो हिसका ज्याचा त्याचा. बेंग्टसनचे चंद्र लठ्ठ, म्हाताऱ्या सोडरमनचे बारीक आणि दाटीवाटीने, लोवेलच्या वडिलांचे तर छापल्यासारखे सरळ. आणि लोवेलचे कललेले. चोविसाव्या वर्षी तो गोठलेल्या नदीवर मासे धरायला गेला असताना बर्फावर आपटला होता, गळ्याजवळचं हाड मोडलं, आणि ते ज्या कुणी बसवलं त्याने आपल्या मर्जीने बसवलं. उजवा खांदा कायमचा खाली आला. तेव्हापासून दांडा लोटताना अंग एका बाजूला झुकायचं आणि चंद्रही झुकायचे. कामात खोट नव्हती, तेल तेवढंच धरलं जायचं, पण कारखान्यातल्या जिभांना तेवढं पुरलं. "एक्स्ट्रॉमचे चंद्र पिऊन आलेत आज," बेंग्टसन म्हणायचा. वडिलांनी चेष्टा कधी केली नाही. ते फक्त त्याच्या पट्टीकडे बघायचे आणि दुसरीकडे बघायचे. लोवेलला ते जास्त लागायचं. सबंध उमेदीत त्याने खांदा सरळ ठेवायचा आटापिटा केला, आणि खांद्याने त्याचं कधी ऐकलं नाही.

तेव्हा जगात त्या चंद्रांचा धनी एकच होता. आणि एक चोर.

चोर हा शब्द त्याच्या मनात आपोआप आला आणि आल्यावर त्याला बरं वाटलं. फांग वेन-लियांग हॉलबर्गमध्ये आला तो एका करारापोटी. वरच्या मंडळींनी मशीनचे नकाशे तैवानच्या कंपनीला विकले होते आणि नकाशांबरोबर हातही द्यायचे असं ठरलं होतं. म्हणजे त्यांचा एक माणूस येणार, आठ-नऊ महिने राहणार आणि खरवडणं शिकून जाणार. शिकवायचं कुणी? बेंग्टसन सरळ नाही म्हणाला. सोडरमनने कानाने ऐकू येत नसल्याचं निमित्त काढलं. लोवेलला नाही म्हणायला जमलं नाही, आणि खरं सांगायचं तर आपल्याला विचारलं याचा त्याला मनातून थोडा आनंदही झाला होता. फांग पंचविशीचा, किडकिडीत, केस कपाळावर आलेले. राहायची सोय म्हणून पहिले काही आठवडे तो एक्स्ट्रॉमांच्या घरी उतरला आणि मग गेलाच नाही. लोवेल आणि मार्लिसला मूलबाळ नव्हतं. मागची खोली रिकामीच असायची, तिच्यात मार्लिसचं शिवणाचं मशीन होतं. ते तिने एका दुपारी उचलून जिन्याखाली ठेवलं. आपण दहा वर्षं मागे लागलो होतो तेव्हा ते हललं नव्हतं, हे लोवेलने पाहून ठेवलं.

फांग मार्लिसला पहिल्यांदा "मिसेस एक्स्ट्रॉम" म्हणायचा, मग काहीतरी आपल्या भाषेतलं म्हणायला लागला, त्याचा अर्थ गुरुपत्नी असा होतो असं त्याने सांगितलं, आणि मार्लिस लाजली. पंचेचाळिशीची बाई, पण लाजली. अंगणातल्या रुबार्बच्या आंबट देठांचा ती पाय करायची, म्हणजे पिठाच्या पारीत सारण भरून भट्टीत भाजलेला गोड पदार्थ. लोवेल तो लग्नापासून खात आला होता, चांगला असतो हे सांगायचं असतं हे त्याच्या गावी नव्हतं. फांगने पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि बराच वेळ काही बोललाच नाही. "काय रे, आंबट झाला का?" तिने विचारलं. "नाही," फांग म्हणाला, "आमच्याकडे अशा वेळी बोलत नाहीत." त्या उन्हाळ्यात पाय इतक्या वेळा झाला की अंगणातला रुबार्ब संपला. जेवणाच्या टेबलावर दोघं हसायची. फांग तिला आकडे शिकवायचा, ती चुकायची, पुन्हा हसायची. लोवेल बटाटे कापत बसायचा. त्याला कुणाचा संशय नव्हता, तसलं काही नव्हतंच. त्याला फक्त एवढंच वाटायचं की हे हसू घरात होतं तर इतकी वर्षं ते ठेवलं कुठे होतं हिने? रात्री तो अंथरुणात म्हणायचा, "पोरगा जरा जास्तच गोडबोल्या आहे." मार्लिस म्हणायची, "तू जरा कमीच आहेस." आणि कूस बदलायची.

आणि कामावर? कामावर तर आणखी पोटात दुखायचं. पोराचा हात चांगला होता. वाईट असता तर लोवेलने त्याला जीव तोडून शिकवलं असतं. पण चार महिन्यांत फांगच्या पट्टीवर निळा असा उमटायला लागला की बेंग्टसनसुद्धा येऊन बघून गेला आणि जाताना काही बोलला नाही, म्हणजे ती तारीफच. मग लोवेल हातचं राखू लागला. स्क्रेपरच्या पात्याला धार लावायची वेळ आली की तो पाठ फिरवायचा. निळा किती पातळ लावायचा हे विचारलं तर "अंदाजाने" म्हणायचा. कारखान्यात सगळेच असं करत; म्हाताऱ्या सोडरमनने तर लोवेलसमोर कधी पात्यालाही हात लावला नव्हता. हे त्याने मनाला बजावलं आणि मनाने मान डोलावली. फांग फक्त बघायचा. पाठीआडूनही बघायचा, कोपराच्या हालचालीवरून, दगडावरच्या आवाजावरून. आणि एक दिवस लोवेलच्या लक्षात आलं की पोरगा चंद्र उठवताना उजवा खांदा पाडतोय. धडधाकट खांदा, पण मुद्दाम पाडून, मान जराशी वाकडी करून, थेट लोवेलसारखा. कुणी आपली नक्कल करून दाखवावी तसं लोवेलला वाटलं, पण पोराच्या तोंडावर चेष्टेचा मागमूस नव्हता. "खांदा सरळ ठेव," लोवेल म्हणाला. "हे माझं मोडलेलं हाड आहे. ते शिकायचं नाही. माझ्या वडिलांसारखं सरळ करायचं." फांगने मान लववली, "हो, शिफू," म्हणजे हो गुरुजी, असं म्हणाला, आणि लोवेलची पाठ वळली की पुन्हा खांदा पाडला. लोवेलने दोनदा सांगितलं, तीनदा सांगितलं. दरवेळी "हो, शिफू." आपण सांगितलेली एकमेव खरी गोष्ट हा का ऐकत नाही हे त्याला कधी कळलं नाही. शेवटी त्याने नाद सोडला. पोरगा गेला तेव्हा मार्लिस विमानतळावर रडली. लोवेलने हात मिळवला आणि पार्किंगचे सुटे पैसे शोधत राहिला.

पुढचं सगळं गावालाच ठाऊक आहे, ते आठवायला कुणाला बसावं लागत नाही. हॉलबर्ग आधी पूर्वेकडच्या कुठल्याशा मंडळींनी घेतलं, त्यांनी ते आणखी कुणाला विकलं, प्रत्येक नवा मालक कारखान्यात एकदा फिरून जायचा आणि जाताना एक विभाग बरोबर न्यायचा. शेवटी लिलाव झाला. लोवेल लिलावाला गेला होता. आपण ज्यावर पंचवीस वर्षं वाकलो तो सपाट दगडी ओटा कुणीतरी बागेतल्या बाकासाठी घेतला हे त्याने पाहिलं. आता त्या इमारतीत पोरांच्या उड्या मारायच्या जाळ्या आहेत, वाढदिवसाला जागा भाड्याने मिळते. बेंग्टसन ॲरिझोनाला मुलीकडे गेला आणि तिथेच मेला. लोवेलने शाळेच्या बस चालवल्या, गोदामात रात्रपाळ्या केल्या, मग हे हार्डवेअर. सुरुवातीला नवीन वर्षाला ताइचुंगहून कार्ड यायचं, मार्लिसच्या नावाने, आत एखादा फोटो: फांग कारखान्यासमोर, फांग बायकोबरोबर, फांग वीस-पंचवीस पोरांच्या मधोमध आणि प्रत्येकाच्या हातात स्क्रेपर. तो शेवटचा फोटो मार्लिसने फ्रिजवर लावला. लोवेल दूध काढताना रोज त्या पोरांकडे बघायचा. आपल्या हाताखाली कधी दुसरं कुणी आलं नाही. वडिलांच्या हाताखाली तो, त्याच्या हाताखाली फांग, आणि फांगच्या हाताखाली ही जत्रा. मधला आपण कोण? पाइपचा तुकडा. पाणी इकडून आलं, तिकडे गेलं. घर विकून ते नदीकाठच्या दोन खोल्यांत आले तेव्हा पत्ता बदलला आणि कार्डं थांबली. फोटोही त्या हलवाहलवीत कुठे गेला कोण जाणे, असं लोवेल म्हणायचा. तो त्यानेच कचऱ्यात टाकला होता.

"आज काय झालंय तुला?" जेवताना मार्लिसने विचारलं. शुक्रवार होता, तिने मासे तळले होते.

"काही नाही."

"काही नाही म्हणताना तू मीठ दोनदा घेतोस."

लोवेलने मिठाची बाटली खाली ठेवली. "कापूतोकडे तैवानचं मशीन आलंय. त्यावर माझे चंद्र आहेत."

मार्लिसचा काटा हवेतच थांबला. आणि लोवेलला जे नको होतं तेच झालं: तिचा चेहरा उजळला. "फांगने केलेलं?"

"मी म्हटलं माझे चंद्र आहेत. तू म्हणतेस फांग."

"अरे, म्हणजे तो अजून तसंच करतोय! इतक्या वर्षांनी!"

"माझं हाड मोडलेलं आहे ते, मार्लिस. त्याने माझं मोडकं हाड नेलं आणि दुकान मांडलं. परवानगी विचारली का? नाव तरी घातलं कुठे?"

"तुझ्या वडिलांचं नाव घातलं होतंस का तू कधी?"

लोवेलने मासा थंड झाल्याची तक्रार केली. मार्लिस उठली, त्याच्या मागून जाताना तिने त्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी उजवा खांदा उघडून आत धातूचा सांधा बसवला होता. सबंध आयुष्यात पहिल्यांदा त्याचे खांदे एका रेषेत आले होते, आणि रविवारचा कोट पहिल्यांदा नीट बसला होता. "जाऊन सांग ना त्यांना," ती म्हणाली. "जो कोण तिथला माणूस येईल त्याला सांग की हे माझे आहेत. पोटात ठेवून काय करणार आहेस?"

ते त्याच्या मनात घट्ट बसलं. हे माझे आहेत. दुकानात खिळ्यांची वजनं करताना, मोजे घालताना, तो ते वाक्य म्हणून बघायचा. जोरात म्हणायचं की सहज? सहज बरं. अगदी जाता जाता म्हटल्यासारखं. मग समोरचा थक्क होईल, ताइचुंगला फोन करील, आणि तिकडे त्या जत्रेला कळेल की तुमचा देव कोण होता. यापेक्षा जास्त त्याला काही नको होतं. पैसे नकोत, मान नको. फक्त नाव. मेल्यावर थडग्यावर असतं ते नाही, पट्टीवर असतं ते.

आणि संधी आपणहून चालत आली. मशीन बसवताना सॅलच्या पोरांच्या हातून साखळी सुटली आणि लोखंडी आकडा नेमका स्लाइडवर पडला. वीतभर खोक पडली. सॅलचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज रडवेला होता. "कंपनीची मुलगी येतेय शिकागोहून. तिला तपासायची पट्टी उचलायला दुसरा जाणता हात हवाय. मी म्हटलं, गावात हॉलबर्गचा एक म्हातारा शिल्लक आहे. येतोस ना रे बाबा?" लोवेल म्हणाला, बघतो. आणि फोन ठेवून लगेच पलंगाखालच्या पेटीतून आपला स्क्रेपर काढला. ऑपरेशननंतर त्याने त्याला हात लावला नव्हता.

मुलीचं नाव यू-चिंग त्साई. तिशीच्या आतली, निळा डगला, केस मागे घट्ट बांधलेले. तिने लोवेलशी दोन्ही हातांनी हात मिळवला आणि त्याचा स्क्रेपर बघून म्हणाली, "अरे वा! हा तर तुमच्याहून म्हातारा दिसतो." लोवेलला हसू आलं आणि त्याचा राग आला. त्यांनी खोक साफ केली, भोवतालचा भाग उतरवायला घेतला. तिने निळा लावला. इतका पातळ की जेमतेम दिसावा. अंदाज, लोवेलने मनात म्हटलं. सरळ पट्टी दोघांनी दोन टोकांनी उचलून ठेवली, फिरवली, उचलली. ती खरवडायची, तो खरवडायचा. तिने पात्याला धार लावायला दगड काढला आणि लोवेलची नजर आपोआप तिच्या पाठीकडे गेली. पण तिने पाठ फिरवली नाही. त्याच्यासमोर, चांगली उजेडाकडे तोंड करून, दगडावर पातं ओढलं आणि त्याला विचारलं, "तुमचंही लावून देऊ?"

बोलायला लागली की तोंड बंद व्हायचं नाही तिचं. गावाकडे आई फणसाएवढे पेरू पाठवते म्हणाली, मग फणसाएवढे नाही पण मोठे असतात म्हणाली. भाऊ चिप बनवणाऱ्या कारखान्यात आहे, पांढरे कपडे घालून, डोळे फक्त उघडे. "त्याला आता इकडेच पाठवतायत, तुमच्या वाळवंटात, तिथे नवा कारखाना निघालाय ना. मजा आहे की नाही? आमची हुशार पोरं सगळी तिकडे. खरवडायला कोण येतं आता? मागच्या वर्षी दोनच आले, त्यातला एक पळाला. फांग-शिफू म्हणतात, माझ्यानंतर दिवा लावायला तुम्हीच."

फांगचं नाव असं पट्टीच्या निळ्यासारखं आपोआप उमटलं. लोवेलचा हात थांबला. "कसे आहेत ते?" त्याने विचारलं, जाता जाता म्हटल्यासारखं.

"तुम्ही ओळखता?"

"नाव ऐकून आहे."

"गुडघे गेलेत. पण ओरडायला गुडघे लागत नाहीत." ती हसली. "या गावातच शिकले ते, माहितीये? म्हणून तर मी आनंदाने आले. त्यांच्या गुरुपत्नीबद्दल किती सांगतात! कसल्याशा आंबट देठांचा पाय करायची. दर वर्षी शिफू स्वतः करून बघतात, पपईचा, पेरूचा, आणि आम्हाला खायला लावतात. वाईट होतो. मग म्हणतात, तसा नाही झाला."

आणि गुरूबद्दल? लोवेलने विचारलं नाही. तीस वर्षं होत आली आणि अजूनही मार्लिसच. पायच. त्याने दात आवळून खरवडलं. संध्याकाळपर्यंत पट्टी बसली, निळा सगळीकडे सारखा उमटला. आता फक्त चंद्र राहिले होते.

"निम्मे तुम्ही करा ना," यू-चिंग म्हणाली. "माझं मनगट गेलं."

हीच ती वेळ. लोवेलने स्क्रेपरचा दांडा कमरेला लावला. आधी हाताने सांगायचं, मग तोंडाने. तिने ते कललेले चंद्र त्याच्या हाताखालून निघताना बघायचे, तोंडाचा आ करायचा, आणि मग त्याने म्हणायचं, हे माझे आहेत. त्याने अंग लोटलं, मनगटाला हिसका दिला. एक, दोन, पाच, ओळ झाली. तो मागे सरला आणि चष्मा वर केला.

चंद्र सरळ उभे होते. छापल्यासारखे. त्याच्या वडिलांचे.

क्षणभर त्याला वाटलं उजेडाचा दोष आहे. त्याने आणखी एक ओळ काढली. सरळ. सबंध उमेदीत ज्यासाठी धडपडला, वडिलांनी एकदा तरी बघून दुसरीकडे बघू नये म्हणून, ते आता आलं होतं, डॉक्टरने आत बसवलेल्या धातूतून आयतं, कुणाला नको असताना. शेजारच्या तैवानी ओळी त्याच्याच होत्या आणि त्याच्या हातच्या ओळी त्याच्या नव्हत्या. जगात त्याचा हात ज्यांच्याकडे होता ते सगळे समुद्रापलीकडे राहत होते. ही समोर निळ्या डगल्यात उभी होती तिच्याकडेसुद्धा होता. फक्त त्याच्याकडे नव्हता.

"छान आहेत हो," यू-चिंग अदबीने म्हणाली. "फार सुंदर. पण... बाकीच्यांशी जुळत नाहीत. रागावू नका हं. मी दाखवू?" ती त्याच्या मागे आली, त्याच्या उजव्या खांद्यावर तळहात ठेवला आणि तो हलकेच खाली दाबला. "असा. खांदा पाडायचा. मान थोडी वाकडी. आमच्याकडे पहिलं वर्ष हेच शिकवतात. आणि याची गोष्ट आहे, सांगू? फांग-शिफूंना ज्यांनी शिकवलं ना, त्यांचं नाव ते घेत नाहीत, गुरूचं नाव घ्यायचं नसतं, पण ते गुरू फार मत्सरी होते म्हणे. धार लावताना पाठ फिरवायचे, सगळं लपवायचे. आणि ही खांद्याची युक्ती तर त्यांच्या जिवापेक्षा जास्त. शिफूंना म्हणायचे, खांदा सरळ ठेव, सरळ ठेव, हे माझं मोडलेलं हाड आहे! ऐका तरी, मोडलेलं हाड!" ती खळखळून हसली. "शिफू म्हणतात, जो माणूस एक अक्षरसुद्धा सांगत नव्हता तो ही एकच गोष्ट ओरडून ओरडून सांगत होता, तेव्हाच मला कळलं की सगळं गुपित इथेच आहे."

लोवेल तसाच वाकलेला राहिला. तिचा तळहात खांद्यावर होता. जिभेवर वाक्य तयार होतं, इतके दिवस घोटलेलं, आणि त्याच्या मागे दुसरं: पोरी, ते खरंच मोडलेलं हाड होतं. एकदा ते बोललं की झालं. ही तिकडे जाऊन सांगेल, फांग डोकं धरून बसेल, आणि पुढच्या वर्षी जो कोणी एकटादुकटा पोरगा शिकायला येईल त्याचा खांदा सरळ राहील. नाव मिळेल आणि चंद्र जातील.

"खरंय ना?" यू-चिंगने विचारलं. "अशी माणसं होती ना तुमच्या कारखान्यात?"

"होती," लोवेल म्हणाला. घसा खाकरून म्हणाला, "हा तर सगळ्यांत कंजूष असणार. असल्या माणसाने हाड मोडलं म्हणून सांगितलं तर विश्वास ठेवू नये."

आणि त्याने खांदा पाडला. आतला धातू नाही म्हणाला. त्याने आणखी पाडला, मान वाकडी केली, ओठ दातांखाली दाबला. पहिला चंद्र अर्धवट निघाला. "थोडा अजून," मागून यू-चिंग म्हणाली. दुसरा बरा. तिसऱ्यापासून ते कलायला लागले. "बघा! आलं की तुम्हाला! लवकर शिकलात हो."

घरी पोचला तेव्हा मार्लिस खिडकीशीच होती. "सांगितलंस?" दार उघडण्याआधीच तिने विचारलं.

"तो तुझ्या पायची आठवण काढतो. दर वर्षी स्वतः करून बघतो म्हणे. जमत नाही."

मार्लिसने तोंडावर हात धरला. लोवेलने ते हसू बघितलं, नेहमीसारखं पोटात थोडं दुखलंच, आणि त्याने ते दुखू दिलं.

"आणि तुझी? तुझी काढतो का?"

"माझी रोज काढतो," लोवेल म्हणाला.

कोट उतरवायला ती मागे आली आणि थबकली. "हे काय, खांदा का असा पाडून चालतोयस? दुखतोय का?"

"दुखतोय," तो म्हणाला, पण सरळ काही केला नाही.